तंबूची उष्टावण

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
वडगाव रासाई

आज कासुर्डीहून इथं ऱ्हायला आले. न्यायला नात आली व्हती, अक्षदा, स्कुटी घेऊन. पुढं पायात माझी पिशवी, मागं मी, आन् दोघींच्या मधी लिंबाच्या लोणच्याची बरणी. भीमेच्या पुलावर पोरीनं गाडी थांबवली, म्हणाली आजी नदी बघ. मी म्हणलं, मला नदी काय दावती, माझं वऱ्हाड ह्याच पाण्यातनं नावेत बसून गेलंय, नवरदेवाला भर पाण्यात उलटी झाली व्हती. पोरगी एवढी हसली की मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून दमला.

घर नदीकडंच्या रानात हाय. दोन खोल्या, नवा रंग, अंगणाला चौफेर तारेची जाळी, बिबट्यासाठी. माझा थोरला विश्वजीत आन् सूनबाई महिनाभर पुण्याला गेलेत, नातवाच्या बाळाला सांभाळायला. बाळ पाच महिन्याचं हाय. पाडव्याला त्याची उष्टावण. पहिला खिरीचा घास खरा मामानं भरवायचा, पण मामा दुबईला, म्हणून पणजीचा नंबर लागला. तेवढ्यासाठी मी चांदीची वाटी घासून ठेवलीय.

तवर घर मी सांभाळायचं. अक्षदा एमआयडीसीत हाय, मालाची क्वालिटी बघते, तिथंच खोली घेऊन ऱ्हाते. तिला आता दर महिन्याला एकटीनं फिरायला जायचंय आन् रानात तंबू लावून झोपायचंय. तंबू तरी कसला, हवेचा! सळया न्हाईत, दांडे न्हाईत. मांडीएवढ्या जाड पोकळ नळ्या, त्यात हवा भरली की तंबू उभा. तीन बघायचे, एक निवडायचा. पारख मी करायची. म्हणाली, आजी, तू माझी क्वालिटी इन्स्पेक्टर. १५ तारखेला शनिवारी ती निवडलेला घेऊन जाणार.

ही वही तिनंच दिली, रोज लिही म्हणाली. मी चौथी पास. पास म्हंजी परीक्षेला बसले न्हाई, पण नापास बी कुणी म्हणलं न्हाई. पोरगी म्हणाली, निकाल शेवटच्या पानावर एका ओळीत लिही, मी आल्याबरोबर तेवढंच पान वाचणार, मधली तुझी पुराणं सवडीनं वाचीन. लबाड.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लाल तंबू लावला. पायानं दाबायचा पंप हाय त्याला. चहाला तीन उकळ्या येईस्तोवर फुगला. मग माझी युक्ती. मी पोलकी शिवायचे तवापासून मला दोऱ्यानं माप घ्यायची सवय. नळीभोवती सुतळी गुंडाळली, बरोबर टोकाला टोक भिडंल तिथं कापली. सकाळी परत गुंडाळून बघायची. सुतळी सैल झाली म्हंजी हवा गेली. कंपनीत तरी ह्याच्यापेक्षा काय येगळं करत असतील?

दुपारी आत आडवी झाले. आन् काय सांगू! आईच्या घरी आम्ही सात भावंडं एका वाकळंत. सासरी सोप्यात जावा-नणंदा, मग लेकरं, मग नातवंडं. काल रात्री बी अक्षदा शेजारी व्हती. मी जन्मात एकटी झोपलेच न्हाई. तंबू एका माणसापुरता. उजवीकडं हात केला तर कापड, डावीकडं केला तर कापड. कुणाचं घोरणं न्हाई, कुणाची लाथ न्हाई. मला रडूच आलं, सुखाचं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लालची सुतळी अडीच बोटं सैल. नापास. निळा लावला, त्याचा पंप विजेवर. लाईट गेली की बसा तोंडाकडं बघत. रानात पोरगी लाईट कुठनं आणणार?

पलीकडच्या वस्तीवरची धुरपदा कोंबडी शोधत आली. तंबू बघून म्हणाली, साखरबाई, ह्यो काय बिबट्याला डबा बांधून दिलाय व्हय? मी म्हणलं, तुझा नवरा झोपव आत, बिबट्या वास घेऊनच परत जाईल. मग म्हणाली, तरण्या पोरीनं एकटं रानात झोपावं का? मी म्हणलं, मी सत्तर वर्षं गर्दीत झोपले, काय मिळालं? कोपर मिळालं.

कोंबडी काय सापडली न्हाई.

बुधवार, ५ फेब्रुवारी

निळा बी एक बोट सैल. मग तिसऱ्या तंबूसाठी अक्षदानं पत्ता दिला, तशी एसटीनं दौंडला गेले. तिथं पाशाभाईंचं जुन्या सामानाचं दुकान हाय. पंखे, सायकली, लग्नातल्या खुर्च्या, समदं एकावर एक. पाशाभाईंनी मला मावशी म्हणून बसवलं, चहा पाजला. माळ्यावरनं एक तंबू काढला, शेवाळी रंगाचा. पंप न्हाई म्हणाले, हरवला. त्यांची लेक शिरीन आतनं आली आन् त्यांना हळूच म्हणाली, अब्बा, वो नक्को देव. पाशाभाईंनी तिला गप केलं, म्हणाले मावशीला आवडलाय. मला आवडलाच व्हता. हातात घेतला तर उशीएवढा हलका. निघताना शिरीननं माझा फोन नंबर मागून घेतला. का ते सांगितलं न्हाई. पोरीचे हात गार व्हते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजची गंमत लिहितेच. शेवाळी तंबूला लालचा पंप बसंना, निळ्याचा बसंना. तोंडाची बूचं येगळी. म्हणलं, फुगे कसे फुगवतो? पदरानं बूच पुसलं आन् लावलं तोंड. मला वाटलं, संध्याकाळ व्हईल. चार फुंकरा घातल्या, चार! आन् तंबू आपल्या पायावर उभा. बाळ कसं आ करून घास ओढून घेतंय, तसं त्यानं माझं फुंकणं ओढून घेतलं. मला एवढं हसू आलं. म्हणलं, घे, पणतवाच्या आधी तुझीच उष्टावण झाली माझ्या हातनं. हातनं न्हाई, तोंडानं.

नळीला सुतळी लावली. आतनं मातीचा आन् कुणाच्या तरी तेलाचा वास येतोय. कडेला पेनानं लिहिलंय, अलीम. आधीच्या मालकाचं नाव असंल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सुतळी सैल न्हाई! सैल सोडा, टोकाला टोक भिडंना. एक बोट कमी पडली. मी तीनदा मोजलं. रात्रीत हवा गेली न्हाई, वाढली. उन्हानं फुगतंय म्हणावं तर सूर्य उगवला बी नव्हता. असू दे, चांगलंच हाय की. गळणाऱ्यापेक्षा भरणारा बरा.

दुपारी आत झोपले. गाढ. उठले तर दिवस मावळायला आलेला, उठताना जरा दम लागला. उसाचं पाचट पेटवलंय पलीकडं, धुरानं असंल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

धुरपदाची कोंबडी तंबूत सापडली. कोपऱ्यात बसलेली, अंड्यावर बसावी तशी. मेलेली. रगत न्हाई, पीस विस्कटलेलं न्हाई. चोच उघडी. उचलली तर आत काहीच नसल्यासारखी हलकी. धुरपदा म्हणाली, रोग आलाय.

सुतळी दोन बोटं कमी.

मला बाळाचा फोटो आला मोबाईलवर, दात येतोय म्हणं. वाटी परत घासली.

रविवार, ९ फेब्रुवारी

अक्षदाला आज ओव्हरटाईम, आली न्हाई. फोन केला. मी म्हणलं, निकाल लागला गं, शेवाळी पहिला. पंपाचं वजन न्हाई, विजेचं काम न्हाई, नुसतं तोंड लावायचं, चार फुंकरा, तंबू उभा. पोरगी नाचलीच. म्हणाली, आजी तू ग्रेट हायस, शुक्रवारची नाइट करून शनिवारी सकाळी थेट येते आन् पहिल्यांदा मीच फुंकून बघते. मी म्हणलं, बघ की, तुझ्या तरण्या छातीला तर दोन फुंकरा बास.

फोन ठेवला आन् विहिरीपर्यंत गेले. आधी कवा मधी बसायला लागलं न्हाई. आज दोनदा बसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

तंबू घडी घालून ठेवावा म्हणून बूच काढलं. हवा बाहेर आली न्हाई. हात धरला बुचावर. तळहाताची कातडी आत ओढली गेली. हळू, मग थांबली, मग परत. बाळ दूध पिताना थांबतं तशी.

घाबरून बूच लावलं. मी म्हातारी, माझा हात थरथरतो, त्यानं वाटलं असंल.

धुरपदा पाटसला गेली, लेकीचं बाळंतपण. पंधरा दिवस न्हाई येणार. आता ह्या वस्तीवर मीच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सुतळी चार बोटं कमी.

मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक. त्याच सुतळीला सुतळी जोडून माझ्या छातीचं माप घेतलं. माझं माप मला पाठ हाय, चाळीस वर्षं स्वतःचं पोलकं स्वतः शिवलं. चार बोटं सैल.

तिकडं चार कमी. इकडं चार सैल.

घरात दम पुरत न्हाई. तंबूजवळ बसलं की पुरतो. एवढंच लिहिते, तिथंच बसून लिहितेय.

आत कुणीतरी श्वास घेतंय. मी थांबवला तरी त्याचा चालू ऱ्हातो. माझ्यापेक्षा लांब. गड्याचा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शिरीनचा फोन आला. आठवडाभर फोन लावायचं मनात व्हतं म्हणाली, अब्बा लावू देत नव्हते. तो तंबू अलीमचा. तिच्या मावशीचा मुलगा. एकटाच फिरायचा, दोन वर्षामागं नदीकाठी झोपला. सकाळी सापडला. निळा पडलेला, छाती पोत्यासारखी आत गेलेली, अंगावर ओरखडा न्हाई. आन् तंबू ढोलासारखा ताठ. बूच उघडंच व्हतं तरी ताठ. त्याचा पंप हरवलेला न्हाई. पंपानं तो कवा फुगलाच न्हाई. अलीमनं तोंडानं फुगवला तवाच फुगला.

मग तिनं इचारलं, आजी, तुम्ही तोंड तर न्हाई ना लावलं?

मी सांगायला गेले. लावलंय, नातीला सांग, तिचा नंबर घे. सगळं बोलले मी. शिरीन नुसतं म्हणत ऱ्हायली, आजी, ऐकू येत न्हाई, तुम्ही बोलताय का, हॅलो.

मी बोलत व्हते. आवाजच निघत नव्हता.

उष्टावण केली मी. एकदा चव दिली की पोर परत परत आ करतं, हे मला कळायला नको व्हतं? सात लेकरं वाढवली—

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुई टोचली नळीला.

बारीक हवा आली. तिला माझ्या मिशरीचा वास. आन् आतनं माझाच खोकला ऐकू आला, गेल्या आठवड्याचा. छातीत असं झालं की कुणी पिळून काढतंय. पडले. पडल्या पडल्या भोकावर अंगठा दाबला. मग मेण लावलं.

म्हंजी माझा दम त्याच्यात हाय. तो फाडला तर मी—

फाडायला पायजे. विळा दाराशीच हाय.

न्हाई फाडला. खोटं कशाला लिहू. भ्याले. पाडवा दीड महिन्यावर आलाय. वाटी घासून ठेवलीय. एक घास द्यायचा हाय बाळाला. एवढंच मागितलं व्हतं.

आजची रात—उद्या बघू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अक्षदाचा फोन. ओरडले. तिला वाटलं वारं सुटलंय. म्हणाली, आजी, नुसता वाऱ्याचा आवाज येतोय, नदीवर हायस का? ऱ्हाऊ दे, उद्या सकाळी येतेच. तंबू तयार ठेव. मीच फुंकणार, लक्षात हाय ना?

मोबाईलवर अक्षरं टाकायला मला कुणी शिकवलं न्हाई. शिकायला—

रस्त्यापर्यंत जायला बघितलं. जाळीच्या दारापर्यंत. पुढं न्हाई. तंबूपासनं लांब गेलं की डोळ्यापुढं काळं—

तंबूनं आता दोऱ्या ताणल्यात. खुंट्या निघायला आल्यात. अलीम न्हाई आत. अलीमचा दम हाय. माझा हाय. कोंबडीचा बी असंल. जागा मात्र अजून—

एका माणसापुरती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उजाडलं.

विळा घेतलाय. आज फाडणार. पणजीचा घास ऱ्हायला तर ऱ्हायला, सूनबाई देईल. वाटी वरच्या फळीवर.

पण अर्धाच फाटला आन् मी पडले तर? ठिगळ लावून न्यायची अक्षदा. तिच्या हाताला ठिगळ चांगलं जमतं. मीच शिकवलं.

म्हणून आधी लिहिते. मग विळा.

ती शेवटचंच पान वाचणार. मागचं न्हाई. एकच ओळ. मोठ्या अक्षरात. वही तंबूच्या दारात—

हॉर्न.

वळणावर स्कुटी. एवढ्या लवकर—

हात उचलंना. अक्षर—

अक्षदे, ह्या तंबूला तोंड लाव